एका डॉलरचं हक्कसोडपत्र

प्रकरण जुनं आहे, तडजोड होऊनही सुमारे पाऊणशे वर्षं झाली. तरी पीएचडी करणारी चार माणसं एकत्र बसून गाईडबद्दल बोलायला लागली की मला हेच आठवतं. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातलं बिनसलेलं सहसा कागदावर येत नाही. ते कॉरिडॉरमधल्या कुजबुजीत सुरू होतं आणि तिथेच विरतं. इथे मात्र विद्यार्थी कोर्टात गेला. त्यामुळे पत्रं, करार आणि जबान्या सगळंच चव्हाट्यावर आलं, आणि दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन, विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ. ठिकाण अमेरिकेतल्या न्यू जर्सीतलं रटगर्स विद्यापीठ. भांडण स्ट्रेप्टोमायसिनचं, म्हणजे क्षयरोगावर गुण देणाऱ्या पहिल्या प्रतिजैविकाचं.

वॅक्समन १८८८ सालचे, आजच्या युक्रेनमधल्या एका खेड्यात जन्मलेले. १९१० मध्ये अमेरिकेत आले आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात त्यांनी हयात घालवली. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो ज्या जिवाणूंमुळे येतो, त्या ॲक्टिनोमायसीट्स कुळाचे ते जाणकार. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना मारतात, तर त्यांच्याकडचं ते हत्यार काढून औषध म्हणून वापरता येईल का, हा प्रश्न घेऊन १९३९ च्या सुमाराला त्यांनी सगळी प्रयोगशाळा एका दिशेला वळवली. मर्क या औषध कंपनीशी करार केला. कंपनी मदत करणार, त्या बदल्यात हाती लागेल त्याचे हक्क कंपनीला.

कामाची पद्धत साधी, पण चिकाटीची. मातीचा नमुना पाण्यात कालवायचा, पातळ करायचा, बशीतल्या आगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरायचा. उगवलेल्या ठिपक्यांतून जिवाणूंचा एकेक वाण वेगळा काढायचा. मग त्याला आडवी अशी रोगजंतूची रेघ ओढायची आणि ती रेघ वाणाच्या जवळ येताना तुटते का ते बघायचं. शेकडो वेळा तुटत नाही. एखाद वेळी तुटते, आणि मग कळतं की निघालेलं द्रव्य रोगजंतूबरोबर रोग्यालाही मारेल. १९४० मधलं ॲक्टिनोमायसिन असंच विषारी निघालं. १९४२ च्या स्ट्रेप्टोथ्रिसिनकडून मोठी आशा होती, तेही हातचं गेलं. या कामात विषय सरांचा, पद्धत सरांची, जागा आणि पैसा सरांनी उभा केलेला, आणि बशीवर वाकलेली मान विद्यार्थ्याची. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा आजही अशाच चालतात.

शाट्झ १९२० चा, शेतकऱ्याच्या घरातला. १९४२ मध्ये मृदाशास्त्राची पदवी घेऊन तो वॅक्समनकडे पीएचडीला लागला. काही महिन्यांतच सैन्याचं बोलावणं आलं. फ्लोरिडातल्या लष्करी रुग्णालयांत जिवाणूतज्ज्ञ म्हणून काम करताना, पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या संसर्गांनी माणसं मरताना त्यानं पाहिली. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३ मध्ये सैन्यातून सुटका झाली, आणि तो महिना ४० डॉलरवर परत सरांकडे आला.

पुढचे चार महिने या प्रकरणाचा गाभा आहेत, आणि त्यांच्याबद्दल दोघांच्या कहाण्या जुळत नाहीत. शाट्झ म्हणतो, क्षयाच्या जंतूवर काम करायला मी आपणहून पुढे झालो. वॅक्समन म्हणतात, तो विषय मी त्याला नेमून दिला. वादात नसलेली गोष्ट एकच: हे काम तळघरात चाललं. क्षयाचा जिवंत, जहाल जंतू हाताळायचा म्हणजे जिवाशी खेळ होता, आणि वॅक्समनना तो जंतू आपल्या मजल्यावर नको होता. शाट्झच्या म्हणण्याप्रमाणे, तो तिथे काम करत असताना सर एकदाही खाली आले नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याच्या वहीत ‘प्रयोग ११’ सुरू झाला. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी, दुपारी दोनच्या सुमाराला, आपल्या हाती नवं प्रतिजैविक लागल्याचं त्याच्या लक्षात आलं. ते, म्हणजेच स्ट्रेप्टोमायसिन, ॲक्टिनोमायसिस ग्रिसियस या जिवाणूच्या दोन वाणांपासून मिळत होतं. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता. दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातून मिळाला होता. तो नमुना डोरिस नावाच्या सहाध्यायी विद्यार्थिनीनं आणून दिला होता, म्हणून त्या वाणाला ‘डी-१’ म्हटलं गेलं. शाट्झनं एका परीक्षानळीचं तोंड तापवून पिळून बंद केलं आणि ती नळी आईला नेऊन दिली.

मग औषध साठवायची धावपळ. चाचण्यांना लागणारं द्रव्य काढण्यासाठी ऊर्ध्वपातनाची भांडी रात्रंदिवस चालू असत. शाट्झ तिथेच झोपायचा. भांड्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायचा आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवायचा की पाणी रेघेपर्यंत उतरलं की मला उठव. ही आठवण त्याची स्वतःची आहे, त्यामुळे तिला थोडी झिलई चढली असेल हे धरूनही, ज्यानं प्रयोगशाळेत रात्री काढल्या आहेत त्याला ती खोटी वाटणार नाही.

जानेवारी १९४४ मध्ये पहिला शोधनिबंध आला. लेखक शाट्झ, ब्यूजी, वॅक्समन, याच क्रमानं. एलिझाबेथ ब्यूजी ही त्याच प्रयोगशाळेतली एमएसची विद्यार्थिनी. वर्षअखेरीस क्षयाच्या जंतूवरचा निबंध आला, त्यावर शाट्झ आणि वॅक्समन अशी दोनच नावं. दरम्यान मेयो क्लिनिकच्या विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी गिनीपिगवर चाचण्या घेतल्या, त्या उतरल्या, आणि प्रकरण माणसांपर्यंत पोचलं. उत्पादनाची बाजू मर्कनं उचलली. माणसांवरच्या चाचण्या आणि उत्पादन या टप्प्यात शाट्झ कुठेच नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे वॅक्समनच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच ठरला.

१९४५ मध्ये शाट्झला पीएचडी मिळाली. त्याच वर्षी पेटंटचा अर्ज गेला. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रात दोघांनी शपथेवर लिहून दिलं की हा शोध आम्हा दोघांचा आहे. इथपर्यंत नात्याला कुठे तडा दिसत नाही. उलट, पहिल्या निबंधावर विद्यार्थ्याचं नाव पुढे ठेवणारा मार्गदर्शक आजही सगळ्यांच्या नशिबात नसतो.

खरी गोची १९४६ ची आहे. औषधाची मागणी एवढी वाढली की ते एकाच कंपनीच्या हातात राहणं बरं दिसेना. वॅक्समननी मर्कला गळ घातली आणि मर्कनंही हक्क सोडले. श्रेय द्यायला हवं, कंपन्या असं सहसा करत नाहीत. पेटंट रटगर्सच्या संशोधन प्रतिष्ठानाकडे जाणार असं ठरलं. त्यासाठी मे १९४६ मध्ये वॅक्समन आणि शाट्झ या दोघांनी आपले हक्क प्रतिष्ठानाच्या नावे करून दिले. मोबदला प्रत्येकी १ डॉलर, कायद्याच्या तोंडदेखल्या गरजेपुरता. शाट्झचं म्हणणं असं की सरांनी सांगितलं, आपण दोघांनीही यातून काही घ्यायचं नाही, म्हणजे औषध स्वस्त राहील. त्यानं सही केली आणि लवकरच रटगर्स सोडलं.

वॅक्समनचा प्रतिष्ठानाशी आणखी एक करार होता. रॉयल्टीतला २० टक्के हिस्सा त्यांना मिळणार होता. याची शाट्झला कल्पना नव्हती.

नंतरच्या काळात शाट्झला सरांकडून प्रत्येकी ५०० डॉलरचे तीन चेक आले. म्हटलं तर ही माया. अडचणीत असलेल्या विद्यार्थ्याला खिशातून मदत करणारे सर. पण चेक का येताहेत हे नीट कळेना, तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात पाल चुकचुकली. जानेवारी १९४९ मध्ये त्यानं पत्र लिहून विचारलं: रॉयल्टीचं नक्की काय झालं? उत्तर कडवट आलं. औषध प्रत्यक्षात आणण्याशी तुझा काही संबंध नव्हता, या प्रयोगशाळेतल्या मोठ्या चाकाचा तू एक दाता होतास, असा त्याचा मथितार्थ.

मला हे पत्र सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक वाटते, २० टक्क्यांपेक्षाही मोठी. विद्यार्थ्यानं हिशेब विचारला होता आणि मार्गदर्शकानं त्याची लायकी काढली. हिशेब विचारणं म्हणजेच कृतघ्नपणा, असं मानणाऱ्या माणसाचं हे उत्तर आहे. शिवाय ते धोरण म्हणूनही आत्मघातकी होतं. अमेरिकन पेटंटमध्ये शोधक खरे असावे लागतात. शाट्झ नुसता चाकाचा दाता असेल तर १९४५ ची शपथ खोटी, आणि शपथ खरी असेल तर हे पत्र खोटं. वॅक्समननी स्वतःच्या हातानं स्वतःला या चिमट्यात अडकवलं.

मार्च १९५० मध्ये शाट्झनं वॅक्समन आणि प्रतिष्ठान या दोघांवर दावा लावला. तोवर वॅक्समनना सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले होते, ही बाब या दाव्यामुळेच बाहेर आली. ज्या माणसानं औषध स्वस्त राहावं म्हणून सगळ्यांना त्याग करायला सांगितलं अशी लोकांची समजूत होती, त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत ही बातमी आली म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करता येईल. २९ डिसेंबर १९५० रोजी तडजोड झाली. शाट्झ हा कायद्यानं आणि शास्त्रानंही सहशोधक आहे हे मान्य झालं. परदेशी पेटंटांच्या हक्कांपोटी त्याला सुमारे सव्वा लाख डॉलर आणि रॉयल्टीत ३ टक्के मिळाले. वॅक्समनचा हिस्सा १० टक्क्यांवर आला. उरलेले ७ टक्के प्रयोगशाळेत त्या काळात काम केलेल्या बाकीच्यांमध्ये वाटले गेले, काचेची भांडी धुणाऱ्या कामगारापर्यंत. बेरीज केली तर आधीचे २० टक्के तेवढेच राहिले, फक्त आता ते सगळ्यांसमोर वाटले गेले.

आता खोलात शिरू. शोध कुणाचा, या प्रश्नावर आज बहुतेक लिहिणारे शाट्झच्या बाजूनं उभे असतात. मला ते अर्धंच पटतं.

वॅक्समनचा युक्तिवाद असा होता की पद्धत उभी होती, त्या खुर्चीवर बसलेल्या कुणालाही हे सापडलं असतं. तो उर्मट आहे, पण पोकळ नाही. शाट्झला ही जात एकदा नव्हे, दोन वेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांतून सापडली. याचा अर्थ एवढाच होतो की जाळं योग्य विणलेलं होतं आणि मासा त्या पाण्यात होता. जाळं वॅक्समनचं होतं, त्याला आधीच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी नापास वाणांची किंमत मोजलेली होती. दुसऱ्या बाजूला हेही बघा: ॲक्टिनोमायसिस ग्रिसियस वॅक्समनना स्वतःला १९१६ पासून माहीत होता. त्यांनीच तो मातीतून काढून वर्णन केला होता. पण तो वाण स्ट्रेप्टोमायसिन बनवत नव्हता. जातीचं नाव ठाऊक असणं आणि हवा तो वाण हाताला लागणं, यात सत्तावीस वर्षांचं अंतर होतं. आणि क्षयाच्या जहाल जंतूसमोर तो वाण ठेवायचं काम तळघरातल्या त्या पोरानंच केलं. आजारी पडला असता तर खुर्चीवर बसलेला ‘कुणीही’ पडला नसता, अल्बर्ट शाट्झ पडला असता.

म्हणजे ‘दोघांचा’ हे १९४५ चं उत्तर बरोबरच होतं. शपथेवर दिलेलं, कुणी कुणावर चिडलेलं नसताना दिलेलं. भांडण त्या उत्तरावरून सुरू झालंच नाही. ते सुरू झालं एका न सांगितलेल्या करारावरून, आणि मग दोघेही मागे जाऊन शोधाचा इतिहास आपापल्या सोयीनं पुन्हा लिहू लागले. वॅक्समनच्या लेखी शाट्झ लहान होत गेला, इतका की नंतरच्या आत्मचरित्रात त्याचं नावसुद्धा टाळलं गेलं. शाट्झच्या सांगण्यात सर हळूहळू वरच्या मजल्यावरची एक सावली बनले. दोन माणसांचं बिनसलं की भूतकाळाचंही बिनसतं.

वॅक्समन लोभी होते का? मला तसं वाटत नाही. मिळालेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या कामासाठीच लावला, रटगर्समध्ये संस्था उभी राहिली. त्यांना फक्त हे सांगायची गरज वाटली नाही. विद्यार्थ्याला विषय सांगायचा, पद्धत सांगायची, प्रबंधात कुठला परिच्छेद गाळायचा ते सांगायचं, आणि पैशाचं मात्र सांगायचं नाही. कारण ते मोठ्या माणसांचं काम. शाट्झ तेव्हा २६ वर्षांचा होता, त्याचं लग्न झालेलं होतं, सैन्यात जाऊन आलेला होता. पण मार्गदर्शकाच्या नजरेत विद्यार्थी विद्यार्थीच राहतो, त्याला पदवी मिळाली तरी.

हे नातं मुळात हिशेबावर चालत नाही, आणि चालूही नये असंच सगळे मानतात. विद्यार्थी रात्रीचे तास मोजत नाही, मार्गदर्शक आपल्या कल्पना उसन्या दिल्या म्हणून लिहून ठेवत नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावरच्या ऋणनिर्देशात सगळ्याची एका परिच्छेदात फेड होते. पण हे तोवरच चालतं जोवर दोघंही वही उघडत नाहीत. इथे एकानं गुपचूप वही उघडली आणि दुसऱ्याकडून मात्र हक्कसोडपत्रावर सही घेतली. मे १९४६ मधल्या त्या दिवशी वॅक्समननी एवढंच म्हटलं असतं की माझा प्रतिष्ठानाशी असा करार आहे, त्यातले काही टक्के तुझे, तर काय झालं असतं? अंदाजच करायचा तर, शाट्झनं तीनपेक्षा कमी टक्क्यांवरही आनंदानं मान डोलावली असती. कृतज्ञताही उरली असती.

किंमत दोघांनी मोजली, पण सारखी नाही. वॅक्समनचं वर्ष वाईट गेलं. शाट्झची उरलेली कारकीर्द गेली. न्याय त्याला मिळाला होता, कागदावर शिक्का होता, पण ज्यानं आपल्या सरांना कोर्टात खेचलं त्याला आपल्या विभागात कोण घेणार? त्यानं अर्जांमागून अर्ज केले. मोठ्या संशोधन संस्थांची दारं उघडली नाहीत. पेनसिल्वेनियातल्या एका छोट्या शेती महाविद्यालयात त्याला काम मिळालं, पुढे काही वर्षं चिलीत, मग पुन्हा अमेरिकेत अध्यापन. शाट्झ खोटं बोलतोय असं कुणाला सिद्ध करावंच लागलं नाही. प्रत्येक विभागप्रमुख स्वतः कुणाचा तरी मार्गदर्शक होता, तेवढं पुरलं.

१९५२ चं वैद्यकाचं नोबेल एकट्या वॅक्समनना जाहीर झालं. पारितोषिक तिघांपर्यंत विभागता येतं, म्हणजे नियमांची आडकाठी नव्हती, आणि सहशोधक असल्याची तडजोड दोनच वर्षांपूर्वीची होती. शाट्झच्या महाविद्यालयानं नोबेल समितीकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. त्यानं नामवंत शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली, बहुतेकांनी हात झटकले. पुढची तीनेक दशकं हे नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. १९८० च्या दशकात मिल्टन वेनराइट या ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं जुनी कागदपत्रं धुंडाळली, शाट्झला गाठलं, आणि त्याची बाजू पुन्हा छापून यायला लागली. वॅक्समन १९७३ मध्येच वारले होते. १९९४ मध्ये, शोधाच्या पन्नाशीनिमित्त, रटगर्सनं शाट्झला आपलं पदक दिलं. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. २००५ मध्ये तो गेला.

एक माणूस मात्र अजून राहिलं. पहिल्या निबंधावर तीन नावं होती, पेटंटवर दोन, स्टॉकहोममध्ये नोबेलच्या वेळी एक. यातली दुसरी गळती सगळ्यांना माहीत आहे, पहिलीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पेटंटच्या वेळी एलिझाबेथ ब्यूजीकडून लिहून घेतलं गेलं की शोधात आपला वाटा नाही. तुझं पुढेमागे लग्न होईल, घरसंसार होईल, पेटंटवर नाव असण्याचं तुला काय महत्त्व, असं आपल्याला बाजूला घेऊन समजावल्याचं तिनं नंतर घरच्यांना सांगितलं होतं. हे समजावलं गेलं तेव्हा शाट्झ आणि वॅक्समन यांचं एकमेकांशी उत्तम जमत होतं. तिनं दावा लावला नाही. १९५० च्या तडजोडीत उरलेल्या ७ टक्क्यांतून तिच्या वाट्याला ०.२ टक्के आले. तेव्हा स्त्रीमुक्तीची चळवळ असती तर पेटंटवर माझंही नाव असतं, असं ती म्हातारपणी म्हणायची.